पाहुण्यांचे ताट

(पाहुण्याला पोटभर जेवू घालण्यात आपल्याकडे मोठा आनंद मानतात. मांस, अंडी, दूध किंवा तूप यांपैकी काहीही न वापरता रोजच्या घरगुती जिनसांतून पूर्ण जेवण कसे तयार होते आणि असे जेवण वाढताना कोणती गोष्ट जपावी लागते, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचा आणि मोठ्यांच्या मदतीने घरी करून पाहा.)

मुलांनो, तुमच्या घरी पाहुणे येतात ना? पाहुणे येणार म्हटले की घरात धावपळ सुरू होते. पलंगावरची चादर बदलतात. कपाटातल्या चांगल्या बश्या बाहेर येतात. अम्मी विचारतात, "जेवायला काय करू या?" कोणी म्हणते बिर्याणी, कोणी म्हणते कोरमा, तर कोणी म्हणते खीर.

आता समजा, आज शुक्रवार आहे. तुमच्या अब्बांचे लहानपणचे एक मित्र रविवारी दुपारी जेवायला येणार आहेत. अम्मी नानींची तब्येत बरी नाही म्हणून त्यांच्याकडे गेल्या आहेत. त्या रविवारी रात्री परत येतील. घरात तुम्ही, अब्बा आणि दादी आहात. दादींचे गुडघे दुखतात. त्यांना फार वेळ उभे राहता येत नाही. म्हणजे स्वयंपाक तुम्हाला करायचा आहे.

अब्बा सांगतात, "हे बघा, माझे मित्र मांस आणि अंडी खात नाहीत. शिवाय ते दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि पनीरही घेत नाहीत. मधसुद्धा खात नाहीत."

घरात क्षणभर शांतता पसरते. मग दादी विचारतात, "अरे, मग ते खातात तरी काय?"

दादींचा प्रश्न अगदी बरोबर आहे. आपण त्याचे उत्तर शोधू या.

जे लोक प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ खात नाहीत, त्यांना 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो रूढ केला. शब्द परदेशी असला तरी असे जेवण आपल्याला नवे नाही. कोणी प्राण्यांविषयीच्या दयेमुळे असे जेवतो. कोणाला दुधातील साखर पचत नाही, म्हणून तो दूध टाळतो. कोणाला डॉक्टरांनी तसे सांगितलेले असते. कोणी काय खावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपण एवढेच पाहायचे की, आपल्या दारी आलेला माणूस उपाशी जाऊ नये.

चला, स्वयंपाकघरात जाऊ या. फळीवरचे डबे एकेक करून उघडा. पहिल्या डब्यात ज्वारीचे पीठ आहे. दुसऱ्यात हरभऱ्याची डाळ आहे. तुम्ही घरी जिला चने की दाल म्हणता, तीच ही डाळ. तिसऱ्या डब्यात मूग, चौथ्यात शेंगदाणे म्हणजे मूंगफली, पाचव्यात तीळ. एका बरणीत गूळ आहे, दुसरीत चिंच म्हणजे इमली. टोपलीत कांदे, लसूण, आले आणि हिरव्या मिरच्या आहेत. आले म्हणजे अदरक. खिडकीजवळ काकड्या, लिंबे आणि लहान लहान वांगी ठेवली आहेत. वांगे म्हणजे बैंगन.

आता सांगा, यांतली कोणती वस्तू आपल्या पाहुण्यांना चालणार नाही? एकही नाही! सगळ्या वस्तू शेतातून आलेल्या आहेत. म्हणजे पाहुण्यांचे जेवण आपल्या घरात आधीच आहे. फक्त ते रांधायचे बाकी आहे.

पण रांधण्यापूर्वी काही शब्द नीट लक्षात ठेवा. नाहीतर फजिती होईल. मराठीत 'मीठ' म्हणजे नमक. ते ऐकून कोणी मीठा समजले आणि भाजीत मूठभर गूळ टाकला, तर काय होईल? मराठीत मीठा म्हणजे 'गोड'. तसेच, कच्चे असतात ते 'तांदूळ' आणि शिजला की होतो तो 'भात'. कच्ची असते ती 'डाळ'. ती शिजवून घोटली की होते 'वरण'. त्यात मसाला आणि चिंच किंवा आमसूल घालून उकळले की होते 'आमटी'. उर्दूत ज्याला आपण बघार म्हणतो, त्याला मराठीत 'फोडणी' म्हणतात.

पहिले काम शुक्रवारी रात्रीच करा. दोन वाट्या मूग निवडून धुवा आणि भरपूर पाण्यात भिजत घाला. शनिवारी सकाळी मूग फुगलेले दिसतील. पाणी काढून टाका. मूग ओल्या फडक्यात बांधून झाकून ठेवा. रविवारी सकाळी फडके सोडून पाहा. प्रत्येक मुगाला पांढरा कोंब फुटलेला असेल. याला 'मोड आलेले मूग' म्हणतात. मोड आणल्याने कडधान्य पचायला हलके होते आणि त्यात क जीवनसत्त्वही तयार होते.

रविवार उजाडला. शेजारच्या आजी मदतीला आल्या आहेत. त्या म्हणतात, "चूल असो की गॅस, मोठे माणूस जवळ असल्याशिवाय पेटवायचा नाही. मी इथेच बसते. हात मात्र तुझे चालले पाहिजेत, बाळ!"

आधी मुगाची उसळ करू या. पातेल्यात दोन चमचे तेल तापवा. त्यात मोहरी टाका. मोहरी तडतडली की हिंग, हळद आणि चिरलेला कांदा घाला. कांदा मऊ झाला की मूग, लाल तिखट, मीठ आणि वाटीभर पाणी घाला. झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्या. मूग बोटाने दाबला की दबला पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. वरून ओले खोबरे आणि कोथिंबीर पेरा.

आता पिठले. एक वाटी डाळीचे पीठ म्हणजे बेसन घ्या. ते एक वाटी पाण्यात कालवा. गुठळ्या राहू देऊ नका. कढईत तेल तापवून मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परता. हळद आणि मीठ घाला. मग दोन वाट्या पाणी ओता. पाण्याला उकळी आली की एका हाताने कालवलेले पीठ सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. आच मंद करून झाकण ठेवा. मधून मधून ढवळा. सात-आठ मिनिटांत पिठले शिजते. त्याचा कच्चा वास जातो आणि खमंग वास सुटतो.

आता खरी परीक्षा आहे ती भाकरीची. गव्हाच्या कणकेत ग्लूटेन नावाचे चिवट द्रव्य असते. म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ते नसते. म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळतात. गरम पाण्यामुळे पिठाला चिकटपणा येतो. एका वेळी एकाच भाकरीपुरते पीठ घ्या आणि तळहाताच्या मुळाने चांगले मळा. परातीत कोरडे पीठ पसरा. त्यावर गोळा ठेवून हलक्या हाताने थापा. थापताना भाकरी गोल गोल फिरली पाहिजे.

तुमची पहिली भाकरी उचलताना मोडते. वाईट वाटून घेऊ नका. आजी हसून म्हणतात, "माझीही पहिली भाकरी अशीच मोडली होती. पीठ ताजे आहे ना? जुन्या पिठाची विरी जाते. मग भाकरी चिरते. मळणे कमी पडले तरी चिरते. पुन्हा मळ."

तुम्ही पुन्हा मळता, पुन्हा थापता. या वेळी भाकरी अलगद उचलली जाते. ती तापलेल्या तव्यावर टाका. पिठाची बाजू वर ठेवा. वरून हाताने पाणी फिरवा. पाणी सुकत आले की भाकरी उलटा. ती बाजू भाजली की भाकरी थेट जाळावर धरा. आणि पाहा, भाकरी टम्म फुगली! तिला पापुद्रा सुटला. तवा चुलीवरून उतरेपर्यंत आठ भाकऱ्या होतात. मोडलेली पहिली भाकरी मात्र टाकू नका. ती आपल्या ताटात घ्या. अन्न वाया घालवायचे नसते.

एवढ्यात दादी आतून आवाज देतात, "वांगी मी करते. मला पाटावर बसून सगळे जवळ द्या."

दादी बघारे बैंगन करतात. शेंगदाणे, तीळ आणि सुके खोबरे त्या तव्यावर वेगवेगळे भाजतात. मग ते एकत्र वाटतात. लहान वांग्यांना देठ तसेच ठेवून चार चिरा देतात आणि ती तेलात परततात. वाटणात आले-लसूण, तिखट, हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ घालून त्यात वांगी शिजवतात.

शेजारच्या आजी डोळे मोठे करून पाहत असतात. त्या म्हणतात, "अहो, ही तर आमची भरली वांगी! आम्हीही शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि चिंच घालतो. फक्त आमचा मसाला वांग्याच्या पोटात भरतो आणि वर गुळाचा खडा टाकतो."

दादी म्हणतात, "आणि आमचा मसाला वांग्याच्या भोवती असतो. वांगे तेच, शेतही तेच!"

मुलांनो, यात नवल नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथे उर्दू बोलणारी आणि मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी राहिली. एकाच बाजारातून त्यांनी वांगी, तीळ आणि शेंगदाणे आणले. त्यामुळे दोन्ही घरांच्या कढईतून जवळजवळ सारखाच वास येतो. आपल्या राज्याच्या इतर भागांतही दुधातुपावाचून होणारे कितीतरी पदार्थ आहेत. खानदेशात वांग्याचे भरीत करतात. कोकणात आमसूल आणि नारळाच्या दुधाची सोलकढी पितात. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी तर दूरदूर जाते.

वांगी शिजत असताना दादी विचारतात, "सगळे छान आहे. पण दूध नाही, गोश्त नाही. मग अंगात ताकद कशी येणार?"

हाही प्रश्न चांगला आहे. आपले शरीर प्रथिनांनी बांधले जाते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच हरभऱ्याच्या डाळीत सुमारे २१ ग्रॅम आणि शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम असतात. पण नुसते मोजमाप पुरेसे नाही. प्रथिने अनेक घटकांची बनलेली असतात. त्यांतला एक घटक धान्यात कमी असतो, पण तो डाळीत भरपूर असतो. दुसरा एक घटक डाळीत कमी असतो, तो धान्यात मिळतो. म्हणून भाकरी आणि पिठले, वरण आणि भात किंवा खिचडी अशा जोड्या शरीराला उपयोगी पडतात. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे शास्त्र आपल्या आजी आणि दादी पुस्तक न वाचता रोज ताटात वाढत आल्या आहेत.

डाळीतल्या आणि पालेभाजीतल्या लोहावर लिंबू पिळले तर ते लोह अंगी जास्त लागते. म्हणून उसळीशेजारी लिंबाची फोड ठेवतात. हाडांना कॅल्शियम लागते. ते तिळात असते आणि नाचणीतही असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ब-१२ हे जीवनसत्त्व नुसत्या धान्य-भाजीतून पुरेसे मिळत नाही. जे नेहमीच दूध, अंडी आणि मांस टाळतात, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते वेगळे घ्यावे लागते. शरीराच्या बाबतीत अंदाजाने वागू नये.

आता ताटे मांडायची वेळ झाली. काकडीच्या कोशिंबिरीत दही घालायचे नाही. त्याऐवजी चोचवलेल्या काकडीत शेंगदाण्याचे कूट, लिंबाचा रस, मीठ आणि चिमूटभर साखर घाला. वरून मोहरी-मिरचीची फोडणी द्या. तिला 'खमंग काकडी' म्हणतात. हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे थोड्या तेलावर भाजून मीठ घालून खलबत्त्यात कुटा. झाला ठेचा! गोडासाठी भाजलेले शेंगदाणे आणि गूळ एकत्र कुटून लाडू वळा. शेंगदाण्यालाच तेल सुटते. त्यामुळे तूप न घालता लाडू वळले जातात.

तेवढ्यात अब्बा बाजारातून बिस्किटांचा पुडा आणतात. पुड्यावर हिरवा ठिपका आहे. अब्बा म्हणतात, "हे चालेल ना?" थांबा! हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे. पण दूध आणि लोणी घातलेल्या पदार्थावरही हाच ठिपका असतो. म्हणून पुड्यावरची घटकांची यादी वाचा. भारतात २०२२ साली व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम झाले आणि त्यांची वेगळी खूणही ठरली. या पुड्यावर ती खूण नाही. यादीत दुधाची पावडर लिहिली आहे. मग हा पुडा आपल्यासाठी ठेवू या.

आणि आता नीट लक्ष द्या. खरी गोष्ट पुढेच आहे.

गरम भाकऱ्या टोपलीत ठेवल्या आहेत. दादी तुपाची बरणी घेऊन हळूहळू येतात. बरणीत घरी कढवलेले साजूक तूप आहे. त्याचा सुगंध घरभर दरवळतो. दादी म्हणतात, "कोरडी भाकरी पाहुण्याला कशी वाढायची? लोक काय म्हणतील? एवढ्याशा तुपाने काय होणार आहे? त्यांना कळणारही नाही."

दादींच्या मनात काही वाईट नाही. त्यांना वाटते, घरातली सर्वांत चांगली वस्तू पाहुण्याच्या ताटात पडावी. त्यांचा चमचा भाकरीवर आला आहे. तुम्ही काय कराल?

दादींचा हात ओढू नका. त्यांच्यावर रागावू नका. फक्त म्हणा, "दादी, त्यांना कळणार नाही, पण आपल्याला कळेल ना?"

दादी थांबतात. मग तुम्ही विचारा, "दादी, आपण कोणाकडे दावतीला गेलो तर तुम्ही आधी काय विचारता?"

"मी विचारते, यात काय घातले आहे? गोश्त हलाल आहे ना?"

"आणि ते 'हो' म्हणाले की?"

"मग मी बिस्मिल्ला म्हणून जेवते."

"तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहता का?"

दादी काही बोलत नाहीत. चमचा त्यांच्या हातात तसाच असतो. थोड्या वेळाने त्या म्हणतात, "नाही. मी त्यांच्या शब्दावर जेवते." मग त्या बरणीचे झाकण लावतात आणि म्हणतात, "या पाहुण्यांनीही आपल्या शब्दावर जेवायचे आहे. ठेव ही बरणी फळीवर. त्या भाकरीबरोबर तेलातला ठेचा वाढ. कोरडी लागणार नाही."

पाहुणे येतात. हात धुऊन पंगतीला बसतात. ताटात भाकरी, पिठले, मुगाची उसळ, वांगी, खमंग काकडी, ठेचा आणि लाडू पाहून त्यांचे डोळे चमकतात. मग ते थोडे संकोचून विचारतात, "बाळ, भाकरीला तूप लावले आहे का?"

तुम्ही म्हणता, "नाही, काका. कशातच दूध किंवा तूप नाही."

ते दुसरा प्रश्न विचारत नाहीत. भाकरीचा तुकडा मोडतात, पिठल्यात बुडवतात आणि जेवू लागतात. वांगी ते दोनदा मागून घेतात. दादी दारामागून पाहत असतात. दादींच्या चेहऱ्यावर समाधान दिसते.

जेवणानंतर चहा हवाच. आले आणि गवती चहा घालून कोरा चहा करा. वर लिंबू पिळा. तुमच्या घरी याला कदाचित सुलेमानी चाय म्हणत असतील. पाहुणे चहाचा घोट घेतात आणि अब्बांना म्हणतात, "अनेक घरी मी फळे खाऊन उठतो. आज किती दिवसांनी पोटभर जेवलो!"

मुलांनो, उद्या तुमच्याकडे कोणीही जेवायला येईल. कोणी मांस खाणार नाही, कोणी दूध घेणार नाही. कोणाला साखर वर्ज्य असेल, तर कोणाला शेंगदाणा सोसत नसेल. आधी विचारा. मग रांधा. आणि पातेल्यात जे आहे, तेच तोंडाने सांगा. मीठ कमी पडले तर वरून घालता येते. पण एकदा गेलेला विश्वास परत आणता येत नाही.

शब्दार्थ

रांधणे – अन्न शिजवणे, स्वयंपाक करणे
जिन्नस – वस्तू, पदार्थ
कडधान्य – मूग, मटकी, हरभरा यांसारखे धान्य
कोंब – बीतून फुटणारा अंकुर
कालवणे – पाण्यात किंवा रसात मिसळणे
गुठळी – पिठाचा न विरघळलेला लहान गोळा
परात – पीठ मळण्याचे मोठे, पसरट भांडे
थापणे – हाताने दाबून गोल पसरवणे
विरी – पिठाचा चिकटपणा
पापुद्रा – पातळ थर
कोळ – चिंच भिजवून काढलेला दाट रस
चोचवणे – काकडीचे बारीक बारीक तुकडे करणे
कूट – भाजून कुटलेली भरड पूड
साजूक तूप – लोणी कढवून केलेले शुद्ध तूप
वर्ज्य – टाळण्याजोगे, न चालणारे
सोसणे – मानवणे, सहन होणे

वाक्प्रचार

फजिती होणे – गोंधळ होऊन लाज वाटण्याची वेळ येणे
अंगी लागणे – खाल्लेल्या अन्नाचा शरीराला उपयोग होणे
डोळे चमकणे – आनंद होणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अम्मी कोणाकडे गेल्या होत्या?
(आ) अब्बांचे मित्र कोणकोणते पदार्थ खात नव्हते?
(इ) भाकरीचे पीठ गरम पाण्याने का मळतात?
(ई) अब्बांनी आणलेला बिस्किटांचा पुडा पाहुण्यांना का दिला नाही?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुगाला मोड कसे आणतात?
(आ) बघारे बैंगन आणि भरली वांगी यांत सारखे काय आहे आणि वेगळे काय आहे?
(इ) भाकरी आणि पिठले ही जोडी शरीराला उपयोगी का आहे?
(ई) दादींनी तुपाची बरणी फळीवर परत का ठेवायला सांगितली?

प्रश्न ३. कोण कोणास म्हणाले?
(अ) "हात मात्र तुझे चालले पाहिजेत, बाळ!"
(आ) "अहो, ही तर आमची भरली वांगी!"
(इ) "मी त्यांच्या शब्दावर जेवते."

प्रश्न ४. जोड्या जुळवा.
'अ' गट: (१) फोडणी (२) मीठ (३) चिंच (४) आले (५) शेंगदाणा
'ब' गट: (क) इमली (ख) मूंगफली (ग) बघार (घ) अदरक (च) नमक

प्रश्न ५. योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(तांदूळ, भात, वरण, डाळ)
(अ) अम्मींनी बाजारातून पाच किलो ........ आणले.
(आ) गरम गरम ........ ताटात वाढला.
(इ) शिजवण्यापूर्वी ........ धुवून घ्यावी.
(ई) शिजलेली डाळ घोटून ........ तयार केले.

प्रश्न ६. पुढील वाक्ये वाचा.
तेल तापवा. मूग धुवा. झाकण ठेवा.
या वाक्यांतून सूचना दिली आहे. तुमच्या घरी होणारा दूध, तूप, अंडी आणि मांस नसलेला एक पदार्थ निवडा. तो कसा करतात, हे अशाच आठ वाक्यांत लिहा.

उपक्रम
शेजारच्या एखाद्या आजीला, दादीला किंवा खालाला त्यांच्या घरची एक जुनी डाळ किंवा भाजी कशी करतात ते विचारा. तिचे मराठी आणि उर्दू नाव वहीत लिहा. वर्गात वाचून दाखवा.